मध्यम वयातील सायकल : उत्साह टिकावा कसा?

सायकल चालविण्याची कला एकदा अंगी बाणली की ती विसरत नाही, असे आपण म्हणतो आणि ते खरेही आहे. शाळकरी वयात तासावर भाड्याने घेतलेल्या मोठ्या सायकलीच्या दांडीखालून पाय घालून ‘हाफ पायडल’ मारीत जो तोल साधला, तो चाळीस वर्षांनंतरही साधतो. सवय मात्र सुटते. नोकरी लागते, संसार वाढतो, दारात मोटारसायकल येते आणि सायकल पडवीतून मागील दारी व तेथून माळ्यावर जाते. पुढे पंचेचाळिशी-पन्नाशीच्या सुमारास तपासणीत रक्तदाब किंवा रक्तातील साखर वाढल्याचे कळते. डॉक्टर व्यायामाचा सल्ला देतात. मोठ्या हौसेने नवी सायकल घरात येते. पण महिना-दोन महिने लोटतात न लोटतात तोच तिच्या हँडलवर कपडे वाळत पडलेले दिसतात.

सायकल घेणे किंवा ती पुन्हा सुरू करणे ही मध्यम वयातील खरी अडचण नाही. ती चालवीत राहणे, हीच खरी कसोटी आहे. हा प्रश्न केवळ व्यक्तीच्या मनोनिग्रहाचा आहे, अशी सर्वसाधारण समजूत दिसते. परंतु अनुभव व संशोधन या दोहोंचाही कौल निराळा आहे. जेथे सायकलीला काम, ठरलेली वेळ व सोबत मिळते तेथे ती टिकते. जेथे ती केवळ उत्साहावर सोपविलेली असते तेथे ती लवकरच थांबते. हा उलगडा नीट लक्षात आला, तर व्यक्तीला आणि तिच्या भोवतीच्या शाळा, कार्यालय व ग्रामपंचायतीलाही काय करता येईल, हे सहज ध्यानी येईल.

प्रश्नाची निकड

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात मधुमेह असलेल्यांची संख्या सुमारे १० कोटी १० लाख असून आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. प्रौढांपैकी सुमारे ३५ टक्क्यांना उच्च रक्तदाब आहे. हे विकार आता केवळ शहरांचे राहिलेले नाहीत. ज्या गावात पूर्वी शेतावर, बाजारात व तालुक्याला पायी किंवा सायकलने जाणे नित्याचे होते, तेथेही दिवसाचा बराचसा काळ बसून जातो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार प्रौढ व्यक्तीने आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम स्वरूपाचा, किंवा ७५ ते १५० मिनिटे जोमदार शारीरिक व्यायाम करावा, आणि त्याशिवाय दोन दिवस स्नायूंना बळकटी देणारे व्यायाम करावेत. थोडी हालचालही मुळीच नसण्यापेक्षा बरी, हेही त्या मार्गदर्शनात आवर्जून सांगितले आहे. मध्यम व्यायाम ओळखण्याची खूण सोपी आहे : तो करताना सोबत्याशी बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही. सपाट रस्त्यावरील संथ सायकल बहुधा याच कोटीत मोडते.

आता एक साधा हिशोब पाहावा. घरापासून कार्यालय किंवा शाळा चार किलोमीटरांवर आहे, असे धरू. ताशी १५ किलोमीटर या निवांत गतीने हे अंतर १६ मिनिटांत पार पडते. जाणे-येणे मिळून ३२ मिनिटे आणि आठवड्याचे पाच दिवस धरल्यास १६० मिनिटे. म्हणजे व्यायामासाठी म्हणून निराळा वेळ न काढताही आठवड्याची किमान मात्रा पुरी होते. वेळ मिळत नाही, या तक्रारीला याहून चांगले उत्तर नाही.

मागील पुण्याईवर भागत नाही

‘आम्ही तरुणपणी रोज वीस-वीस किलोमीटर सायकल मारली आहे,’ असे अनेकजण अभिमानाने सांगतात. तो अभिमान रास्त आहे. पण शरीर ही मागील शिल्लक फार काळ सांभाळून ठेवीत नाही.

या विषयाच्या अभ्यासाचा पाया ब्रिटनमधील डॉ. जेरी मॉरिस यांनी घातला. लंडनच्या दुमजली बसगाड्यांतील चालक दिवसभर बसून असत, तर वाहक जिन्याने सतत वर-खाली करीत. वाहकांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण चालकांपेक्षा कमी असल्याचे मॉरिस यांनी १९५३ साली दाखवून दिले. पायी किंवा सायकलवरून टपाल वाटणारे पोस्टमन व बसून काम करणारे कारकून यांची तुलना करतानाही त्यांना असाच फरक आढळला. पुढे त्यांनी ४५ ते ६४ वर्षे वयाच्या ९,३७६ मुलकी अधिकाऱ्यांची दीर्घकाळ पाहणी केली व तिचे निष्कर्ष १९९० साली प्रसिद्ध झाले. जोमदार खेळ, भरपूर सायकल किंवा भरभर चालणे यांपैकी काही नियमितपणे करणाऱ्यांत हृदयविकाराचे प्रमाण बरेच कमी होते. मात्र पूर्वी खेळाडू असलेल्या, पण नंतर व्यायाम सोडून दिलेल्या अधिकाऱ्यांना त्या पूर्वायुष्याचा विशेष लाभ झाल्याचे दिसले नाही. टेबलाशी बसून काम करणाऱ्या प्रत्येकाने ध्यानी घ्यावी अशी ही गोष्ट आहे.

अलीकडे, २०१७ साली, ब्रिटनमधील २,६३,४५० व्यक्तींच्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. या व्यक्तींचे सरासरी वय ५२ वर्षांहून किंचित अधिक होते. कामावर सायकलने जाणाऱ्यांमध्ये पाहणीच्या काळात मृत्यूचा धोका मोटारीने अगर सार्वजनिक वाहनाने जाणाऱ्यांपेक्षा सुमारे ४१ टक्क्यांनी कमी आढळला. अशा पाहणीवरून कार्यकारणभाव पूर्णपणे सिद्ध होत नाही, कारण सायकल चालविणारे मुळातच अधिक निरोगी असण्याचा संभव असतो. संशोधकांनी वय, धूम्रपान, आहार इत्यादी गोष्टी हिशोबात धरूनही एवढा फरक उरला, हे मात्र दुर्लक्षिण्याजोगे नाही.

याची दुसरी बाजू अधिक आशादायक आहे. मागील शिल्लक उरत नसली तरी नवी सुरुवात करण्यास फारसा उशीर कधीच झालेला नसतो. फ्रान्समधील रोबेर मार्शां यांचा जन्म १९११ सालचा. साठी उलटल्यावर त्यांनी नियमित सायकल पुन्हा सुरू केली. २०१२ साली, वयाची शंभरी ओलांडल्यावर, त्यांनी बंदिस्त धावपट्टीवर एका तासात २४.२५ किलोमीटर अंतर कापले. दोन वर्षांनी, १०२ व्या वर्षी, त्याच एका तासात त्यांनी २६.९२७ किलोमीटर पार केले. मधल्या काळात त्यांच्या सरावाची आखणी व चाचण्या करणाऱ्या शास्त्रज्ञांना त्यांच्या शरीराची प्राणवायू वापरण्याची क्षमता सुमारे १३ टक्क्यांनी वाढलेली आढळली. त्यांचा बहुतेक सराव हलक्या गतीचा होता. २०२१ साली, वयाच्या १०९ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. असे शरीर सर्वांना लाभत नाही. परंतु योग्य सरावाला वृद्ध शरीरही प्रतिसाद देते, एवढे त्यावरून निश्चित दिसते.

उत्साह का मावळतो?

मध्यम वयात सायकल सुटण्याची कारणे शोधू गेल्यास ती बहुधा चार-पाच ठिकाणी सापडतात.

पहिले कारण चुकीचे माप. मनातील सायकलस्वार विशीचा असतो, पायडल मारणारे पाय पन्नाशीचे असतात. व्यायाम न करणाऱ्या माणसाची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता तिशीनंतर दर दहा वर्षांस साधारणपणे १० टक्क्यांनी घटत जाते. नियमित व्यायाम करणाऱ्यांत ही घट बरीच मंद असते. श्रमानंतर स्नायूंना पूर्ववत होण्यासही आता अधिक वेळ लागतो. पहिल्याच आठवड्यात जुना वेग गाठण्याचा हट्ट धरला की पाय भरून येतात, कंटाळा येतो आणि ‘आता हे आपल्याच्याने होणे नाही’ असा ग्रह होतो.

दुसरे कारण वजनाविषयीची अवास्तव अपेक्षा. अर्ध्या तासाच्या संथ सायकलीत खर्च होणारी ऊर्जा एका वडापावाने सहज भरून निघते. तेव्हा केवळ सायकलीने पहिल्या महिन्यातच वजन उतरेल, ही आशा फोल ठरते. परंतु वजनकाटा हलला नाही म्हणून लाभ झाला नाही, असे मानणे चूक होय. अंथरुणातून उठण्यापूर्वी मोजलेली नाडी सावकाश होत जाणे, जिना चढताना धाप न लागणे, झोप चांगली लागणे, रक्तदाब आटोक्यात राहणे ही प्रगतीची अधिक विश्वसनीय लक्षणे आहेत.

तिसरे कारण शरीराला होणारा त्रास. तो बहुधा वयाचा नसून सायकलीच्या बैठकीचा असतो. त्याचा विचार पुढे केला आहे.

चौथे कारण एकटेपण, आणि पाचवे, ज्याचा उच्चार फारसा होत नाही, ते म्हणजे संकोच. हुद्द्यावरचा माणूस सायकलवरून निघाला की ‘साहेब, गाडी बिघडली काय?’ अशी चौकशी होते. विचारणाऱ्याच्या मनात दुष्टावा नसतो. पण दोन-तीन वेळा उत्तर दिल्यावर माणूस मुकाट्याने मोटारसायकलची किल्ली उचलतो. वास्तविक प्रतिष्ठेची ही कल्पना कायमची नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले, तेव्हा सायकल ही ऐपतदाराची व नव्या विचाराच्या माणसाची वस्तू होती. पुढे ती कामकऱ्यांची झाली आणि म्हणूनच कमी दर्जाची ठरली. एखादा गटविकास अधिकारी, मुख्याध्यापक किंवा सरपंच नित्य सायकलवर दिसू लागला, तर वर्षभरात त्या गावातील ही चौकशी बंद पडेल.

कामाची जोड

पोस्टमन, पेपरवाले, दूधवाले आणि बांधकामावर जाणारे मजूर वर्षानुवर्षे सायकल चालवितात. त्यांना प्रेरणा शोधावी लागत नाही, कारण त्यांची सायकल कामाला जोडलेली असते. २०११ च्या जनगणनेत शेतीबाहेरील कामगारांच्या प्रवासाची माहिती प्रथमच घेण्यात आली. त्यांपैकी सुमारे १३ टक्के लोक कामासाठी सायकलने जातात, असे तीत दिसून आले. त्यांच्यापैकी बहुतेकांना हा व्यायाम आहे, असे वाटलेही नसेल. त्यांच्या कष्टाचे उदात्तीकरण करण्याचा येथे हेतू नाही. गरजेपोटी ओझे वाहणे आणि आरोग्यासाठी फेरफटका मारणे यांत मोठे अंतर आहे. परंतु त्यांच्याकडून एक गोष्ट घेण्याजोगी आहे. ज्या कृतीला हेतू असतो तिच्याविषयी रोज सकाळी मनाशी वाद घालावा लागत नाही.

म्हणून मध्यम वयात सायकल पुन्हा सुरू करणाऱ्याने आधी तिला एखादे काम नेमून द्यावे. कार्यालय दूर असेल, तर बसथांब्यापर्यंत किंवा रेल्वे स्थानकापर्यंत सायकलने जावे. भाजी, दूध, दळण, पतसंस्था, टपाल कार्यालय, शेताची फेरी यांपैकी एक-दोन कामे कायमची सायकलीकडे द्यावीत. मागे कॅरिअर व पुढे एखादी टोपली लावून घेतली की ही कामे सुकर होतात. तीन किलोमीटरांच्या आतील कामास मोटारसायकल काढावयाची नाही, एवढा एकच नियम पाळला तरी पुष्कळ साधते.

सवय जडण्यास लागणारा काळ

‘एकवीस दिवसांत सवय लागते’ असे सर्रास सांगितले जाते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी ९६ व्यक्तींवर केलेल्या व २००९ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मात्र निराळे आढळले. नवी कृती अंगवळणी पडण्यास सरासरी ६६ दिवस लागले. कोणास १८ दिवस पुरले, तर कोणाच्या बाबतीत हा काळ २५४ दिवसांपर्यंत जाईल असा अंदाज निघाला. मधला एखादा दिवस चुकला म्हणून सवय जडण्यात विशेष बाध आला नाही, हा त्या अभ्यासातील सर्वांत दिलासा देणारा निष्कर्ष होय.

यावरून दोन गोष्टी घ्यावयाच्या. पहिले दोन-तीन महिने मन कुरकुरणारच, हे आधीच गृहीत धरावे. ते अपयशाचे लक्षण नव्हे. आणि खंड पडला तर तो एका दिवसाचाच ठेवावा. लग्नसराई, निवडणुकीचे काम, परीक्षा, जनगणना यांमुळे आठवडाभर सायकल बाजूला पडेल. त्यानंतरचा पहिला दिवस मात्र आधीच ठरवून ठेवावा.

मनाची तयारी करण्याची एक साधी रीत मानसशास्त्रज्ञांनी सांगितली आहे. ‘मी नियमित सायकल चालवीन’ असा मोघम निश्चय करण्याऐवजी ‘सकाळचा चहा झाला की सायकल बाहेर काढीन’, ‘पाऊस असेल तर तेवढाच वेळ व्हरांड्यात भरभर चालेन’ अशा प्रकारे वेळ, प्रसंग व पर्याय आधीच जोडून ठेवावेत. आदल्या रात्री हवा पाहून, पाण्याची बाटली व कपडे काढून ठेवलेले असले की सकाळी निर्णय घेण्याचा प्रश्नच उरत नाही.

आपल्याकडील ऋतूंचाही विचार या आखणीत हवा. वैशाखातील फेरी ऊन तापण्यापूर्वी आटोपावी. पावसाळ्यात निसरडे रस्ते व पाण्याने भरलेले खड्डे टाळण्यासाठी अंतर कमी करावे, पण क्रम मोडू नये. पुष्कळांची सायकल आषाढात सुटते ती दसऱ्यालाही सुरू होत नाही. ती केवळ पूजेपुरती पुसली जाते.

वेगाचा मोह

मध्यम वयाच्या सायकलस्वाराने पदार्थविज्ञानाचा एक नियम ध्यानी ठेवावा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यावर मात करण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ताशी १५ ऐवजी १८ किलोमीटर वेगाने जावयाचे, तर हवेशी झगडण्यासाठी लागणारी शक्ती सुमारे पावणेदोन पट होते. चार किलोमीटरांच्या अंतरात वाचतात मात्र जेमतेम पावणेतीन मिनिटे. तेवढ्यासाठी घामाघूम होऊन कार्यालयात पोहोचणे आणि दुसऱ्या दिवशी कंटाळा करणे हा तोट्याचा व्यवहार आहे. घाई करण्यापेक्षा पाच मिनिटे आधी निघावे.

समोरच्या वाऱ्याचेही असेच आहे. दख्खनच्या पठारावर पावसाळ्यात पश्चिमेकडून जोराचा वारा असतो. मोकळ्या फेरीसाठी निघताना शक्यतो वारा समोर घेऊन जावे, म्हणजे थकल्यावर परतीच्या वाटेवर तो पाठीशी राहतो. चढावर गिअर असल्यास हलका टाकावा. नसल्यास उतरून सायकल हाताने न्यावी. त्यात कमीपणा मुळीच नाही.

सायकल अंगाला बेतावी

‘गुडघे दुखतात म्हणून सायकल सोडली’ असे सांगणाऱ्यांपैकी अनेकांच्या सायकलीची सीट फार खाली असते. बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकावेत म्हणून ती खाली घेतली जाते. मग पायडल मारताना गुडघा प्रमाणाबाहेर दुमडतो व त्याच्या पुढील भागावर ताण येतो. सीटची उंची ठरविण्याची रीत सोपी आहे. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवावी. पायडल सर्वांत खाली असताना पाय सरळ व्हावयास हवा. मग प्रत्यक्ष चालविताना पायाच्या पंजाने पायडल मारले की गुडघ्यात योग्य तेवढा बाक राहतो. थांबताना सीटवरून पुढे उतरून पाय टेकावा. सीट पुढे-मागे कललेली नसावी. हाताला मुंग्या येत असतील, तर हँडल थोडे उंच करून पाहावे.

चाकातील कमी हवा हे उत्साहाचे आणखी एक छुपे विरजण होय. हवा कमी असली की सायकल जड जाते आणि दोष मात्र वयाला दिला जातो. आठवड्यातून एकदा हवा, दोन-तीन आठवड्यांनी चेन पुसून तिला तेल, ब्रेकच्या रबरांची तपासणी आणि वर्षातून एकदा सायकलच्या दुकानांत ज्याला ‘ओव्हरऑइलिंग’ म्हणतात ती संपूर्ण सफाई, एवढे केल्यास सायकल पुष्कळ वर्षे हलकी चालते. घरात पंप, पंक्चर काढण्याचे साहित्य व दोन पाने असावेत. जी सायकल कोणत्याही क्षणी निघण्यास सज्ज असते तीच बाहेर पडते.

सोबत आणि उद्दिष्ट

एकट्याने केलेला निश्चय एकट्यालाच मोडता येतो. चौकात सहा वाजता कोणी वाट पाहत असेल, तर अंथरूण सोडावेच लागते. शिक्षकांचा, निवृत्तांचा किंवा एकाच वसाहतीतील चार-सहा जणांचा गट पुरेसा आहे. गटाचा वेग सर्वांत मागे राहणाऱ्याच्या वेगाने ठरवावा, एवढे पथ्य मात्र पाळावे. नाही तर नवखा माणूस तिसऱ्या दिवशी येईनासा होतो.

उद्दिष्टही असावे, पण ते स्पर्धेचे असण्याची गरज नाही. फ्रान्समध्ये उगम पावलेल्या व आता भारतातही चालणाऱ्या ‘ब्रेव्हे’ या प्रकारात २०० किलोमीटर अंतर साडेतेरा तासांत पुरे करावयाचे असते. त्यात पहिला-दुसरा क्रमांक नसतो. आपल्या राज्यात नाशिकसारख्या शहरांतून आषाढी एकादशीच्या सुमारास पंढरपूरपर्यंत सायकलने जाणाऱ्यांचे मोठे गट निघतात. वारीच्या परंपरेशी सायकलची अशी सांगड घातली गेल्याने वर्षभराच्या सरावाला एक गाव आणि एक तिथी मिळाली आहे. ज्यांना एवढे जमत नाही त्यांनी शेजारच्या गावचा किल्ला, धरण, मंदिर किंवा बाजार एवढेच लक्ष्य ठेवावे. रोजचे अंतर भिंतीवरील दिनदर्शिकेत टिपावे. महिनाअखेर त्या आकड्यांची बेरीज पाहिली की कोणाच्याही शाबासकीविना समाधान मिळते.

महाराष्ट्रातील काही सायकलस्वारांनी फार मोठी मजल मारली आहे. नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली अमेरिका खंड ओलांडणारी सायकल शर्यत जोडीने पूर्ण केली. पुण्याच्या प्रीती मस्के यांनी २०२२ साली, वयाच्या पंचेचाळिशीत, लेह ते मनाली हे अवघड अंतर सायकलने पार केले. व्यवसाय, घर व वय सांभाळून सराव करता येतो, एवढे यांवरून शिकावे. त्यांच्या विक्रमांशी स्वतःची तुलना करू नये.

स्त्रियांचा प्रश्न

स्त्रियांच्या बाबतीत अडसर अधिक आहेत. अनेकींना लहानपणी सायकल शिकण्याची संधीच मिळालेली नसते. परंतु प्रौढ वयातही हे शिक्षण होऊ शकते, याचा ठळक दाखला तमिळनाडूच्या पुदुक्कोट्टै जिल्ह्याने घालून दिला. १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत तेथील साक्षरता मोहिमेत जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी सायकल शिक्षणाचा अंतर्भाव केला. अंगणवाडी सेविका, शिक्षिका, परिचारिका, शेतमजूर व खाणकामगार अशा हजारो स्त्रिया सायकल शिकल्या. लेडीज सायकली कमी पडल्या तेव्हा अनेकींनी दांडीच्या सायकली आपल्याशा केल्या. पाणी आणणे, माल बाजारात नेणे, मुलाला सोबत घेऊन कामावर जाणे यासाठी त्यांना दुसऱ्या कोणावर अवलंबून राहावे लागेना. त्यांची सायकल टिकली ती तिला काम मिळाल्यामुळे, आणि सगळ्या एकदम रस्त्यावर आल्याने संकोच गळून पडल्यामुळे.

मध्यम वयातील स्त्रियांनी आणखी एक बाब लक्षात घ्यावी. सायकल चालविताना शरीराचा भार बराचसा सीटवर असतो; त्यामुळे हृदय व स्नायूंना लाभ झाला तरी हाडांना पुरेसा भार मिळत नाही. रजोनिवृत्तीनंतर हाडे ठिसूळ होण्याचा धोका वाढतो. म्हणून सायकलीच्या जोडीला भरभर चालणे, जिने चढणे, वजन उचलणे यांसारखे व्यायाम हवेत. पुरुषांनाही हा सल्ला तितकाच लागू आहे.

काही आवश्यक काळजी

छातीत दुखणे, थोड्या श्रमाने धाप लागणे, चक्कर येणे अशी लक्षणे असतील, तर प्रथम डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरविणारी औषधे घेणाऱ्यांनी सायकलीच्या वेळेविषयी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा व खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवावे. पहिले पंधरा दिवस दहा-पंधरा मिनिटांपेक्षा अधिक जाऊ नये. पहाटे व सायंकाळी पुढे पांढरा व मागे तांबडा दिवा, अंगात फिकट रंगाचा सदरा आणि डोक्यास हेल्मेट असावे. वयानुसार मान वळविणे कष्टाचे होत असल्यास हँडलला छोटा आरसा लावून घ्यावा.

संस्थांनी काय करावे?

व्यक्तीने कितीही मनावर घेतले, तरी रस्ता भीतीदायक असेल तर सायकल पुन्हा घरात जाते. आज सायकलींचा देश म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नेदरलँड्समध्येही मोटारींची संख्या वाढली तेव्हा सायकल मागे पडली होती. १९७१ साली तेथे रस्त्यांवरील अपघातांत ३,००० हून अधिक माणसे दगावली. त्यांत ४०० हून अधिक मुले होती. त्यावर उठलेले जनआंदोलन आणि १९७३ चे तेलसंकट यांनंतर तेथील शासनाने व नगरपालिकांनी सायकलींसाठी सुरक्षित मार्ग बांधण्यास आरंभ केला. आज तेथील प्रवासाच्या चतुर्थांशाहून अधिक फेऱ्या सायकलने होतात आणि साठी ओलांडलेले स्त्री-पुरुषही त्यांत मोठ्या संख्येने असतात. तेथील वृद्धांना वेगळा उत्साह लाभला आहे असे नव्हे; सायकल काढताना त्यांना जीव मुठीत धरावा लागत नाही, हा फरक आहे. एके काळी सायकलींचे शहर म्हणून ख्यात असलेल्या पुण्याच्या महानगरपालिकेने २०१७ साली सर्वंकष सायकल आराखड्यास मंजुरी दिली. अशा आराखड्यांचे यश अखेर सलग व अतिक्रमणमुक्त मार्गांवरच अवलंबून राहील.

गावपातळीवर यासाठी मोठ्या खर्चाची वाट पाहण्याचे कारण नाही. ग्रामपंचायतीने गावातून शाळेकडे व मुख्य रस्त्याकडे जाणाऱ्या वाटेच्या बाजूपट्ट्या काटेरी झुडपे काढून मोकळ्या ठेवाव्यात, वळणावर दिवा लावावा आणि पंचायत कार्यालयाजवळ एक पंप ठेवावा. कार्यालयप्रमुखाने सायकलींसाठी सावलीची जागा आणि हात-तोंड धुण्याची व कपडे बदलण्याची सोय करून द्यावी. बहुतेक कार्यालयांत मोटारींना छप्पर असते आणि सायकली उन्हात भिंतीला टेकलेल्या असतात. हा क्रम बदलण्यास फारसा निधी लागत नाही.

शिक्षकांचे स्थान यात विशेष आहे. मानव विकास कार्यक्रमाखाली राज्यातील निवडक तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेत येण्यासाठी सायकली देण्यात येतात. त्या मुली रोज सायकलने येत असताना त्यांच्या शिक्षक-शिक्षिकाही आठवड्यातून दोन दिवस त्याच वाटेने सायकलवर आल्या, तर सायकल ही केवळ गरजूला मिळणारी वस्तू आहे, हा समज विद्यार्थ्यांच्या मनात रुजणार नाही. वाटेतील खड्डा, भरधाव वाहन व अंधारे वळण यांचा अनुभवही शाळेला प्रत्यक्ष मिळेल, आणि पंचायतीपुढे तो प्रश्न अधिक अधिकाराने मांडता येईल.

सारांश, मध्यम वयात सायकल टिकविण्यासाठी असामान्य निर्धाराची आवश्यकता नाही. नेमून दिलेले काम, ठरलेली वेळ, अंगाला बेतलेली व सज्ज ठेवलेली सायकल, मंद वेगाचे समाधान, दोन-चार सोबती आणि बऱ्यापैकी निर्धोक रस्ता एवढ्या गोष्टी जुळल्या की ती चालत राहते. यांपैकी पहिल्या पाच गोष्टी प्रत्येकाच्या हातच्या आहेत. सहावी आपण जेथे काम करतो त्या कार्यालयाच्या, शाळेच्या व पंचायतीच्या हातची आहे. माळ्यावरची सायकल खाली काढून तिच्या चाकांत हवा भरण्यास मुहूर्ताची गरज नाही; आणि पुढील ग्रामसभेत बाजूपट्टीचा व दिव्याचा विषय मांडण्यासही नाही.